जोडी फोडणारा

२४ ऑक्टोबर २०२० च्या रात्री ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर ऑस्ट्रेलियन फुटबॉलची अंतिम लढत झाली. एरवी हा सामना मेलबर्नचा. कोरोनामुळे तो पहिल्यांदाच व्हिक्टोरिया राज्याबाहेर गेला आणि रिचमंडने जिलाँगला हरवून चषक नेला. मग तीन महिनेही झाले नव्हते, तोच जानेवारीत त्याच मैदानावर पालघरच्या एका गड्याने डावातला आपला पहिलाच चेंडू टाकला आणि ऑस्ट्रेलियाचा सलामीवीर मार्कस हॅरिस झेल देऊन परतला. शार्दूल नरेंद्र ठाकूरची ही दुसरी कसोटी होती. पहिल्या कसोटीत त्याच्या वाट्याला फक्त दहा चेंडू आले होते.

फुटबॉल आणि क्रिकेट एकाच मैदानावर, हे आपल्याला विचित्र वाटेल. ऑस्ट्रेलियात ते साहजिक आहे, कारण तिथला फुटबॉल जन्मला तोच क्रिकेटपटूंच्या सोयीसाठी. टॉम विल्स हा व्हिक्टोरियाचा नामांकित क्रिकेटपटू. हिवाळ्यात खेळाडू सुस्तावतात, अंग जड होतं, तेव्हा त्यांच्यासाठी फुटबॉलचा एखादा क्लब काढावा, असं पत्र त्याने जुलै १८५८ मध्ये मेलबर्नच्या एका क्रीडापत्राला लिहिलं. पुढच्याच वर्षी, मे १८५९ मध्ये, नियम कागदावर उतरले. पुढे मैदान क्रिकेटचंच वापरलं जाऊ लागल्याने ते लंबगोल झालं. एका बाजूला अठरा खेळाडू, चेंडूही लंबगोल, ऑफसाइडची भानगड नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू पायाने मारला की सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर एकच.

या खेळातला बचावपटू मला फार आवडतो. समोरच्या संघाने उंच लाथाडलेला चेंडू झेलायला त्यांचा आक्रमक उडी घेतो, तेव्हा मागून येऊन मुठीने तो चेंडू भलतीकडे उडवून लावणं हे त्याचं काम. चेंडू आपल्याला मिळालाच पाहिजे असं नाही; त्यांना मिळू नये, एवढं पुरे. अशा कामांची तिथे रीतसर मोजदाद होते आणि त्यांना ‘एक टक्क्याची कामं’ म्हणतात. नावातच त्यांची पत सांगितलेली आहे. गोल करणाऱ्याचं नाव फलकावर लागतं, यांची भर पडते आकडेवारीच्या तळाशी. कबड्डी पाहणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून द्यायला नको. चढाईपटूचे गुण सगळ्यांच्या तोंडी असतात. गिरीश एरनाक डावा कोपरा कसा सांभाळतो, हे मॅटजवळ बसणाऱ्यालाच ठाऊक असतं.

क्रिकेटमध्ये बचावपटू अशी जागा नाही, काम मात्र आहे. मुख्य गोलंदाज थकलेत, चेंडू जुना झालाय, समोरची जोडी जमलीय, अशा वेळी कुणाच्या तरी हाती चेंडू द्यावा लागतो. किंवा सहा गडी बाद झालेत, धावा दोनशेच्या आत आहेत आणि डाव दुपारीच आटपणार असं दिसतंय, तेव्हा कुणीतरी खेळपट्टीवर उभं राहायचं असतं. ही दोन्ही कामं पडझड थांबवण्याची. शार्दूलची अख्खी कारकीर्द याच दोन कामांवर उभी आहे, आणि तिचे चढउतारही त्यातूनच आलेले आहेत.

त्याचा जन्म १६ ऑक्टोबर १९९१ चा. घर पालघरजवळच्या माहीमचं. मुंबईतलं माहीम वेगळं, हे केळव्याच्या शेजारचं. वडील शेतकरी. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. शेजारी बोईसर-तारापूर. बाहेरच्यांना हा भाग ठाऊक असतो तो १९६९ मध्ये सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्रामुळे आणि औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमुळे. इथल्या माणसाचं घड्याळ मात्र रेल्वेच्या वेळापत्रकावर चालतं. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला अप-डाऊन करत आलीत.

शार्दूल शाळकरी वयात बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरकडून खेळायचा. २००६ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात या शाळेची गाठ पडली बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलशी. शार्दूलने ७८ धावा केल्या आणि पाच बळीही घेतले. समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते दिनेश लाड. रोहित शर्माला याच शाळेत आणून घडवणारे ते हेच. या मुलाला आपल्या शाळेत आणायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं. अडचण होती ती अंतराची. शाळा, सराव आणि सामने सांभाळून पालघर-बोरिवली रोज करणं त्या वयात झेपणारं नव्हतं. तेव्हा लाड यांनी त्याला आपल्या घरीच ठेवून घेतलं आणि तो सुमारे वर्षभर त्यांच्याकडे राहिला. लाड यांना पुढे २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यामागच्या खटपटीत नेट्समधल्या शिकवणीइतकाच घरातल्या त्या एका जास्तीच्या ताटाचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

बोरिवलीला गेल्यावर शार्दूलने शालेय सामन्यात एका षटकात सहा षटकार मारले आणि १६० धावा केल्या. वर्तमानपत्रांत नाव आलं. मुंबईत मात्र शालेय क्रिकेटमध्ये नाव आलेली मुलं दर वर्षी निपजतात आणि त्यांतली बहुतेक पुढे दिसतही नाहीत. शालेय पराक्रम आणि रणजी संघ यांच्यामधल्या वर्षांत तिथे खेळाडू गाळले जातात.

ती वर्षं शार्दूलने गाडीत काढली. पालघर ते चर्चगेट सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे एका दिशेला दोन तासांहून जास्त. विरारच्या पुढे उपनगरी लोकल तेव्हा नव्हतीच. शटल, पॅसेंजर आणि लांब पल्ल्याच्या गाड्या, यांतली जी मिळेल ती पकडायची. गाडी चुकली की सराव बुडाला. त्यात खांद्यावर किटबॅग. पश्चिम रेल्वेच्या डब्यात किटबॅग म्हणजे एका जास्तीच्या प्रवाशाची जागा, आणि ती जागा देण्याची कुणाची तयारी नसते. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली १६ एप्रिल २०१३ ला. शार्दूल मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळला तो नोव्हेंबर २०१२ मध्ये. पालघरचा मुलगा मुंबईच्या संघात आधी पोहोचला, मुंबईची लोकल पालघरला नंतर.

पण पोहोचला म्हणजे स्थिरावला असं नव्हे. पहिल्या चार सामन्यांत त्याला चारच बळी मिळाले आणि प्रत्येकासाठी ८२ धावा मोजाव्या लागल्या. वजनाबद्दलही बोललं जायचं. ८३ किलोचा वेगवान गोलंदाज मुंबईच्या मैदानांवर लपत नाही. इथे कारकीर्द संपली असती तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. पुढच्या मोसमात सहा सामन्यांत २७ बळी आले, आणि २०१४-१५ मध्ये दहा सामन्यांत ४८, सरासरी २१ च्या आत. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्यात सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने आठ गडी बाद केले आणि मुंबईने ४१ व्यांदा रणजी करंडक जिंकला. त्याच्या कारकिर्दीत सगळ्यात महत्त्वाचं काय असं विचारलं, तर मी गॅबाच्या आधी या तीन मोसमांकडे बोट दाखवीन.

भारतीय संघात तो आला २०१७ मध्ये, श्रीलंकेतल्या एकदिवसीय सामन्यात आणि पाठीवर १० क्रमांक घालून. तेंडुलकरचा क्रमांक दुसऱ्या कुणी घालावा, हे लोकांना रुचलं नाही आणि मोठा गदारोळ झाला. पुढे त्याने ५४ घेतला. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीची टोपी मिळाली. दहा चेंडू टाकले, जांघेचा स्नायू दुखावला, सामना संपला. त्यानंतर सव्वादोन वर्षं कसोटीचं बोलावणं नाही. २०१८ च्याच सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून आल्यावर तो अंधेरीहून लोकल पकडून पालघरला गेला होता आणि डब्यातली माणसं ‘हा तोच का?’ म्हणून मोबाइलवर फोटो शोधत होती. ही गोष्ट साधेपणाचा दाखला म्हणून नेहमी सांगतात. मला त्यात साधेपणापेक्षा सवय दिसते. त्या मार्गावर गाडीच लवकर पोहोचवते, हे पालघरकराला माहीत असतं.

मे २०२० मध्ये टाळेबंदीत सगळं क्रिकेट बंद असताना तो पालघर-डहाणू तालुका क्रीडा संघटनेच्या बोईसर इथल्या मैदानावर गोलंदाजीच्या सरावाला उतरला. टाळेबंदीनंतर मैदानावर सराव करणारा तो पहिला भारतीय क्रिकेटपटू. क्रिकेट मंडळाची परवानगी न घेता उतरला म्हणून थोडी नाराजीही झाली. आठ महिन्यांनी तो गॅबावर होता.

त्या कसोटीची पार्श्वभूमी आठवा. बुमरा, अश्विन, जडेजा, शमी, उमेश, सगळे दुखापतीने बाहेर. जे पाच गोलंदाज उतरले त्यांचा सगळ्यांचा मिळून अनुभव चार कसोटींचा, आणि त्यांतली एक शार्दूलची दहा चेंडूंची. ऑस्ट्रेलिया या मैदानावर १९८८ पासून हरलेली नव्हती. पहिल्या डावात ऑस्ट्रेलियाच्या ३६९. भारत ६ बाद १८६. इथे शार्दूल आणि वॉशिंग्टन सुंदर एकत्र आले. पॅट कमिन्सला हूकचा षटकार मारून शार्दूलने खातं उघडलं, आणि पुढे नेथन लायनला षटकार मारून अर्धशतक पूर्ण केलं. त्याच्या ६७, सुंदरच्या ६२, दोघांची भागीदारी १२३ धावांची. दीडशेच्या वर जाणारी पिछाडी ३३ वर आली. दुसऱ्या डावात शार्दूलने ६१ धावांत चार बळी घेतले, पहिल्या डावातले तीन धरून एकूण सात. भारताने ३२८ धावांचं लक्ष्य गाठून मालिका जिंकली आणि सामनावीर ठरला नाबाद ८९ करणारा रिषभ पंत. ते योग्यच होतं. पण पंतला जिंकण्यासाठी सामना शिल्लक ठेवला होता तो सातव्या जोडीने.

सप्टेंबर २०२१ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर हेच पुन्हा झालं, जरा जास्त झगमगाटात. भारत ७ बाद १२७ असताना शार्दूलने ३१ चेंडूंत अर्धशतक ठोकलं. इंग्लंडच्या भूमीवरचं कसोटीतलं ते तोवरचं सर्वांत वेगवान अर्धशतक. मोडला तो इयान बोथमचा विक्रम. दुसऱ्या डावात आणखी ६० धावा, पंतबरोबर शंभराची भागीदारी. मग शेवटच्या दिवशी इंग्लंडची सलामीची जोडी बिनबाद १०० वर पोहोचलेली असताना त्याने बर्न्सला बाद केलं, आणि नंतर जो रूटचा त्रिफळा उडवला. भारत १५७ धावांनी जिंकला. सामनावीर रोहित शर्मा. आणि पुरस्काराचा खरा मानकरी शार्दूल आहे, असं रोहितनेच बोलून दाखवलं. एका शाळेतले, एका सरांच्या हाताखालचे दोघे. त्याच मैदानावर २०२३ च्या विश्व कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात शार्दूलने ५१ केल्या आणि अजिंक्य रहाणेबरोबर शंभराहून मोठी भागीदारी रचली. ओव्हलवर सलग तीन कसोटी डावांत अर्धशतक करणाऱ्या पाहुण्या फलंदाजांत त्याच्याआधी ब्रॅडमन आणि ॲलन बॉर्डर यांची नावं आहेत. या पंक्तीत आपलं पान वाढलेलं पाहून खुद्द शार्दूललाही गंमत वाटली असेल.

जोडी फोडणं ही त्याची खासियत. ती आहे म्हणून चाहत्यांनी त्याला ‘लॉर्ड’ म्हणायला सुरुवात केली, आधी चेष्टेत आणि मग निम्म्या कौतुकाने. हे नुसतं नशीब आहे, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. यामागे कारणं आहेत. तो उंच नाही, त्यामुळे त्याचा चेंडू टप्पा पडल्यावर अंदाजापेक्षा खाली राहतो आणि सरकत येतो. वेग बेताचा, ताशी १३० ते १३५ किलोमीटर. बुमरा आणि शमीला तासभर तोंड दिलेल्या फलंदाजाला हा गोलंदाज सुटकेसारखा वाटतो. हात मोकळे करावेसे वाटतात. आणि शार्दूल नेमका तिथेच मोह घालतो. आउटस्विंगर तो पुढे टाकतो, फलंदाजाने चालवत मारावा असा. कधी शिवण आडवी धरून टाकतो; मग चेंडू टप्प्यावर कसा वागेल हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. मर्यादित षटकांत बोटांच्या पेरांवर धरलेला नकल बॉल असतो. चेंडू टप्प्यावर ठेवून धावा रोखणारा गोलंदाज तो कधीच नव्हता. चार चेंडूंत एक चौकार जाईल हे त्याला मान्य असतं. त्याच्या बदल्यात एक चूक हवी असते.

जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला ही पद्धत पूर्ण बहरली. दक्षिण आफ्रिका १ बाद ८८. एल्गर आणि पीटरसन स्थिरावलेले. शार्दूल आला आणि उपाहारापूर्वीच एल्गर, पीटरसन, व्हॅन डर डुसेन तिघेही तंबूत. आफ्रिका २२९ मध्ये आटोपली. शार्दूल ६१ धावांत ७. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारतीय गोलंदाजाची एका डावातली ती सर्वोत्तम कामगिरी, अश्विनच्या ६६ धावांतल्या ७ बळींपेक्षा पाच धावांनी सरस. सामना मात्र भारत हरला आणि सामनावीर ठरला नाबाद ९६ करणारा एल्गर.

अशा खेळाडूची संघातली जागा मुळातच डळमळीत असते. तो संघात असतो तो ‘समतोला’साठी, म्हणजे गोलंदाजीही आणि आठव्या क्रमांकावर फलंदाजीही. समतोलाचा हिशोब बदलला की पहिला बळी त्याचा. २०२३ च्या विश्वचषकात हे सगळ्यांनी पाहिलं. शार्दूल सुरुवातीच्या सामन्यांत खेळला, कारण हार्दिक पंड्याच्या बरोबरीने तो तळाला फलंदाजी देत होता. पुण्यात बांगलादेशविरुद्ध हार्दिकचा घोटा मुरगळला. शार्दूलच्या आठव्या क्रमांकाला हार्दिकशिवाय अर्थ उरला नाही. संघाने खास फलंदाज आणि खास गोलंदाज घ्यायचं ठरवलं. हार्दिकच्या जागी सूर्यकुमार आला, शार्दूलच्या जागी मोहम्मद शमी. शमीने त्या स्पर्धेत २४ बळी घेतले. दुखापत हार्दिकची, जागा गेली शार्दूलची. आणि निर्णय चुकीचा होता असं म्हणायलाही जागा नाही. पुण्याचा तो सामना शार्दूलचा ४७ वा एकदिवसीय होता. त्यानंतर तो एकदिवसीय सामना खेळलेला नाही.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये नव्या खेळाडूंची वाटणी १९८६ पासून ड्राफ्टने होते. तळाच्या संघाला निवडीचा पहिला मान, आणि संघाच्या एकूण पगाराला मर्यादा. तिथे बचावपटूची किंमत हळूहळू ठरते. आपल्याकडे लिलाव आहे, आणि लिलावात किंमत मागच्या काही महिन्यांवर ठरते. शार्दूलचा आलेख पाहा. २०१८ मध्ये चेन्नईने २ कोटी ६० लाखांना घेतला. त्या संघाबरोबर त्याने २०१८ आणि २०२१ ची आयपीएल जिंकली. २०१९ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या आणि मलिंगाच्या त्या चेंडूवर पायचीत झालेला फलंदाज शार्दूलच. गॅबा आणि ओव्हलनंतर २०२२ च्या लिलावात दिल्लीने १० कोटी ७५ लाख मोजले. पुढे कोलकाता. मग पुन्हा चेन्नई, ४ कोटी. आणि नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात कुणीच बोली लावली नाही. तो इंग्लंडमध्ये एसेक्सकडून कौंटी खेळायला निघाला होता, तेवढ्यात लखनौचा मोहसिन खान जखमी झाला आणि बदली म्हणून शार्दूलला बोलावणं आलं. हैदराबादविरुद्ध दुसऱ्याच सामन्यात ३४ धावांत ४ बळी. तीन वर्षांत पावणेअकरा कोटींवरून शून्यावर. मध्ये गोलंदाजी काही एवढी बदलली नव्हती.

या सगळ्या काळात त्याला धरून ठेवलं ते रणजी क्रिकेटने. मार्च २०२४, बीकेसीचं मैदान, तमिळनाडूविरुद्ध उपांत्य सामना. मुंबई ७ बाद १०६. शार्दूलने १०९ धावा केल्या, प्रथमश्रेणीतलं पहिलं शतक, आणि मुंबई ३७८ वर पोहोचली. वानखेडेवर विदर्भाविरुद्ध अंतिम सामन्यात वरची फळी कोसळल्यावर ७५. मुंबईचं ते ४२ वं विजेतेपद. मग पायावर शस्त्रक्रिया, मग त्याच वर्षी लखनौत इराणी चषकात अंगात ताप असताना फलंदाजी. पुढच्या जानेवारीत मेघालयाविरुद्ध हॅट्‌ट्रिक. मेघालयाचे २ धावांत ६ गडी बाद होते, हा फलक पाहून छापण्यात चूक झाली असं अनेकांना वाटलं असेल.

या धावांमुळे आणि बळींमुळे २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यावर तो परत आला. लीड्सला दुसऱ्या डावात बेन डकेट १४९ वर खेळत होता, सामना हातातून जात होता, आणि शार्दूलने डकेट व हॅरी ब्रूक यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केलं. सामना तरीही गेला. मँचेस्टरला त्याने ४१ केल्या. २०१८ ते २०२५ मध्ये मिळून तेरा कसोटी. एवढ्या मोजक्या कसोटींतल्या इतक्या सत्रांची आठवण निघावी, असे खेळाडू फार नाहीत.

२०२५-२६ च्या मोसमात मुंबईने त्याला रणजी संघाचं कर्णधारपद दिलं, आणि आयपीएलमध्ये लखनौकडून तो २ कोटींच्या व्यवहारात मुंबई इंडियन्सकडे आला. म्हणजे आता दोन्ही संघ घरचे. कर्णधाराच्या कामातला एक भाग त्याला शिकवायची गरज नाही: तिसऱ्या सत्रात चेंडू जुना झालाय, समोरची जोडी शंभरी ओलांडून गेलीय, तेव्हा चेंडू कुणाकडे फेकायचा. आजवर तो चेंडू त्याच्याकडे यायचा. आता कुणाला तरी हाक मारायची ती त्याने, किंवा टोपी पंचांकडे देऊन स्वतःच धावपट्टीची पावलं मोजायची.